अमिगा ५०० वर भूप: प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, हॅनोव्हर

लाइने नदीकाठच्या शनिवारच्या जुन्या बाजारातून कमोडोर अमिगा ५०० हा जुना घरगुती संगणक उचलला. प्लॅस्टिक पिवळं पडलंय, डावी शिफ्ट की अडकते, पण बटण दाबल्यावर पांढऱ्या पडद्यावरचा फ्लॉपी धरलेला तो हात दिसला आणि मी घासाघीस बंद केली. खालच्या चिकटपट्टीवर ‘मेड इन वेस्ट जर्मनी’. कमोडोरचा कारखाना इथून साठेक किलोमीटरवर ब्राउनश्वाइगला होता, म्हणजे यंत्र फार लांबून आलेलं नसावं. विकणारा म्हणाला, फ्लॉपी ड्राइव्ह उत्तम चालतो. घरी आल्यावर ड्राइव्ह नुसता कण्हतोय. असो, ड्राइव्ह बदलायचाच होता.

बेत असा: प्रोट्रॅकर या त्यावरच्या संगीत लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी गत बसवायची, तीनताल, राग भूप. लॅपटॉपवर हे काम तासाभरात होईल, माहीत आहे. मला बघायचंय की ५१२ केबी मेमरी आणि चार आवाज एवढ्याच शिदोरीवर भूप कितपत भूप राहतो.

१२ ऑक्टोबर, दसरा

जुना ड्राइव्ह काढून गोटेक बसवला. फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह लागतो, त्यावर फ्लॉपीच्या प्रतिमा ठेवायच्या. एक प्रतिमा ८८० केबीची. कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवून हळदकुंकू वाहिलं, कीजच्या फटीत मात्र काही पडू दिलं नाही.

प्रोट्रॅकर पहिल्याच फटक्यात सुरू झाला. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात चार उभे रकाने, प्रत्येकात चौसष्ट ओळी, ०० ते ६३. एक रकाना म्हणजे एक चॅनल, एक आवाज; चौसष्ट ओळींचं हे पान म्हणजे एक पॅटर्न. वाजवलं की ओळी वर सरकतात आणि मधली पट्टी जागेवर राहते. एका घरात तीन गोष्टी लिहायच्या: सूर, कोणतं सॅम्पल (वाद्याच्या आवाजाचा ध्वनिमुद्रित तुकडा), आणि एक आज्ञा. एकच आज्ञा. हे ‘एकच’ पुढे रडवणार असं दिसतंय.

ही रचना कार्स्टन ओबार्स्की या जर्मन संगीतकाराची, १९८७ च्या अल्टिमेट साउंडट्रॅकरमधली. तेव्हा पंधरा सॅम्पलं मिळायची. लोकांनी ते सॉफ्टवेअर उघडून, दुरुस्त करून, वाढवून नव्या नावांनी वाटलं. १९८९ मध्ये नॉइजट्रॅकर आला, १९९० मध्ये प्रोट्रॅकर, आणि सॅम्पलं एकतीस झाली. फाइलमध्ये स्वरलिपी आणि वाद्यं दोन्ही एकत्र असतात, म्हणून ती कुणाकडेही दिली तरी तशीच वाजते.

१३ ऑक्टोबर

आज नुसता ठेका. चौसष्ट ओळी म्हणजे सोळा मात्रा, मात्रेला चार ओळी. तीनतालाचं आवर्तन एका पॅटर्नमध्ये काठोकाठ बसतं. सम ओळ ०० वर, दुसरी टाळी १६, खाली ३२, तिसरी टाळी ४८. शाळेत असताना आत्याकडे भातखंडे लिपीत वह्या भरल्या होत्या, गुणिले म्हणजे सम, शून्य म्हणजे खाली. तीच वही उभी करून टांगल्यासारखं वाटतंय. पियानोची पाच रेघांची लिपी मला कधीच जमली नाही; हे मात्र न शिकवता वाचता येतंय.

नेहमीचा वेग ओळीला सहा टिकांचा, एक टिक २० मिलिसेकंदांची. म्हणजे ओळ १२० मिलिसेकंद, मात्रा ४८०, मिनिटाला १२५ मात्रा, आवर्तन ७.६८ सेकंद. मध्य लय, जरा चढीच.

अजून तबला नाही. सोबत आलेल्या सॅम्पलांमधला ढोल ‘धा’च्या जागी आणि टाळी ‘ता’च्या जागी टाकली. धा धिं धिं धा ऐकताना लग्नातला बँड वाजल्यासारखं झालं. तरी खालीला ढोल काढल्याबरोबर ताल ओळखू आला.

२० ऑक्टोबर

सांगलीहून आतेभावाने तबल्याचे बोल फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवले: ना, तिं, ते, गे, के. एकेक बोल, मध्ये शांतता. आमच्या फॅमिली ग्रुपवर दहा मिनिटं नुसतं ‘ना… ना… ना…’ चाललं होतं, काकूंनी विचारलं कोण नाही म्हणतंय.

लॅपटॉपवर सेकंदाला ८,२८७ नमुन्यांवर उतरवून ८ बिट केले. अमिगात घेतल्यावर प्रत्येक बोलाच्या जागी कचऱ्याची गाडी उलटल्याचा आवाज. दीड तास गोटेकला शिव्या दिल्या. चूक माझी होती. ८ बिटांच्या वेव्ह फाइलमध्ये शांतता म्हणजे १२८. अमिगाला शांतता म्हणजे ०, आणि आकडे उणे १२८ ते १२७. साइन्ड ८ बिटमध्ये, वरचं शीर्षक काढून, कच्ची फाइल काढली आणि ‘ना’ असा खणखणला की शेजारच्या आजींनी भिंतीवर टकटक केली.

दाया तिसऱ्या चॅनलवर, बाया चौथ्यावर. ‘धा’ म्हणजे दोन्हीकडे एकाच ओळीत: ना आणि गे. एका चॅनलवर नवा बोल आला की जुना तिथल्या तिथे तुटतो. मला वाटलं होतं हे वाईट ऐकू येईल, पण ‘ते’ने आसेतला ‘ना’ बंद करणं हे खऱ्या तबल्यावरही होतंच. बायाला घुमक हवी होती. गेच्या ओळीत १०४ ही आज्ञा आणि खालच्या ओळीतही १०४ टाकलं, सूर वर चढतो. मनगट दाबल्यासारखा. हे जमल्यावर मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आले.

२७ ऑक्टोबर

तानपुरा. आत्याचा मिरजेचा आहे, तिच्या लग्नाआधीचा. ती काळी चारमध्ये गाते, म्हणून तबलाही भावाने त्याच सुरात लावला होता.

आधी थेट कॉलवर ऐकवायला सांगितलं. तानपुरा दोन सेकंद ऐकू आला आणि विरून गेला, आत्या मात्र ‘येतंय का गं?’ विचारत स्पष्ट ऐकू येत होती. फोनला एकसुरी आवाज म्हणजे पंख्याची घरघर वाटते, तो गाळून टाकतो. शेवटी ध्वनिमुद्रण करून पाठवायला लावलं.

आता गणित. माझ्या प्रोट्रॅकरमध्ये एक सॅम्पल फार तर ६४ केबीचं, ६५,५३४ बाइट. ८,२८७ च्या दराने पूर्ण आवर्तनाचे ७.६८ सेकंद म्हणजे जेमतेम ६३,६४५. बसतं! सम संख्या लागते म्हणून ६३,६४४ वर कापलं. पंचम, जोड, जोड, खर्ज असं अख्खं चक्र, शेवटी खर्जाची आस विरताना कापलेलं, आणि दर समेला पुन्हा पहिल्यापासून. लूप लावून पाहिलं होतं, पण जवारी, म्हणजे तारेचा झणझणाट, दर क्षणी बदलत असते. छोटा तुकडा फिरवत ठेवला की तानपुऱ्याचं मिक्सर होतं.

या यंत्रात अजून ५१२ केबी वाढीव मेमरी आहे, पण आवाज काढणारी पॉला ही चिप तिकडे बघूच शकत नाही. सॅम्पलं चिप रॅममध्येच, म्हणजे मूळच्या ५१२ केबीतच हवीत. म्हणजे जागा निम्मीच.

२ नोव्हेंबर, पाडवा

फराळाच्या हाताने काम करू नये. दोन तास लिहिलेले चार पॅटर्न न साठवता वाद्य बदलायला गेले आणि पडदा काळा, वर लाल चौकट लुकलुकतेय: ‘गुरू मेडिटेशन’. अमिगा कोलमडला की असंच लिहून येतं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, बरोबर आहे, गुरू ध्यानाला बसले की शिष्याने रियाज पहिल्यापासून करायचा असतो.

आता दर पॅटर्नला साठवते.

९ नोव्हेंबर

मुख्य सुरासाठी आत्याचा ‘आ’ घेतला होता. मध्य सप्तकात ठीक. लूप लावल्यावर आवाजातली बारीक थरथर सेकंदाला एकदा तशीच्या तशी परत येते, आणि तार षड्जावर ती दुप्पट वेगाने. बकरी. आत्याला ऐकवलं नाही, ऐकवणारही नाही.

भावाकडून सतारीचा एक ‘दा’ मागवला. छेडलेली तार, दोन सेकंदांत विझणारी, १६,५७२ बाइट. लूप नको. लगेच बरं वाटलं. सा म्हणजे सी-२. अर्थात हे नुसतं नाव. सॅम्पल काळी चारचं आहे म्हणून सी-२ दाबल्यावर काळी चारच वाजते. पडद्यावर सी दिसतो आणि कानाला आत्याचा षड्ज. चल षड्जाची सवय असलेल्या माणसाला यात काहीच अडचण नाही, माझ्या पियानो शिकणाऱ्या लेकीला मात्र हे पाहून चक्कर येते.

१६ नोव्हेंबर

तानपुरा, सतार, ठेका, तीन आवर्तनांची स्थायी. ध्वनिमुद्रण करून आत्याला पाठवलं. वीस मिनिटांनी फोन.

‘ठेका छान आहे. गंधार चढा लागतोय.’

‘आत्या, तो यंत्राचा सूर आहे, चढा कसा लागेल?’

‘ते मला काय माहीत? चढा आहे. पेटीवाल्यांचा असतो तसा. आणि भुपात गंधारच चढा लावायचा तर मग राहिलं काय?’

१७ नोव्हेंबर

रात्री झोप आली नाही म्हणून प्रोट्रॅकरचा सुरांचा तक्ता काढून बसले.

पॉलाला सुरांची नावं कळत नाहीत. तिला एक पूर्णांक द्यायचा. इथल्या पाल (युरोपी टीव्हीच्या) पद्धतीच्या यंत्रात सेकंदाला ३५,४६,८९५ ठोके पडतात. त्यांना त्या आकड्याने भागलं की सॅम्पल किती वेगाने वाचायचं ते ठरतं. सी-२ चा आकडा ४२८, म्हणून ८,२८७. आकडा लहान तसा सूर वर. रे ३८१, ग ३३९, प २८५, ध २५४, तार सा २१४.

आता हे नुसते भागाकार आहेत, आणि आपले स्वरही भागाकारच. पंचम दीडपट: ४२८ भागिले २८५ म्हणजे १.५०१८. उत्तम. रिषभ १.१२३४, हवा १.१२५. चालेल. गंधार सव्वापट हवा, आणि ४२८ भागिले ३३९ येतात १.२६२५. तक्ता बारा समान भागांच्या पाश्चात्त्य सप्तकावरून बनवलाय, आणि पूर्णांक करताना गंधार आणखी थोडा वर ढकलला गेलाय. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर आमचा गंधार सतरा भागांनी चढा. आत्याने सांगलीत फोनच्या स्पीकरवर पकडला.

आणि तिने का पकडला हेही सापडलं. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार निघतो तो बरोबर सव्वापटीतला. माझ्या त्या ६३,६४४ बाइटांत तो आहेच, पहिल्या चॅनलवर सतत. दुसऱ्या चॅनलवर मी चढा गंधार लावून त्याच्याशी भांडत होते.

उपाय हास्यास्पद सोपा. ई२ ही आज्ञा आकड्यात तेवढी भर घालते, म्हणजे सूर तेवढा उतरतो. गंधाराच्या घरात ई२३ लिहिलं: ३३९ अधिक ३, ३४२. ४२८ भागिले ३४२ म्हणजे १.२५१५. धैवतालाही नेमकं तेच: २५४ अधिक ३, २५७, येतात १.६६५४, हवा होता १.६६६७. भुपात मध्यम नाही, नाहीतर ई२१ ने ३२१ झाला असता, आणि ४२८ भागिले ३२१ म्हणजे चार तृतीयांश, बाकी शून्य. एवढ्यासाठी पुढची गत दुर्गाची करावी म्हणते.

सगळ्या पॅटर्नमधल्या गंधार-धैवतांना ई२३ लावलं. तानपुऱ्यासोबत वाजवल्यावर गंधार दिसेनासा झाला. म्हणजे ऐकू येतो, पण कुठून येतो ते कळत नाही.

२४ नोव्हेंबर

रिषभावरून गंधारावर मींड. आज्ञा ३ आधीचा सूर न तोडता नव्या सुराकडे ओढत नेते, म्हणजे सतारीची तार ओढल्यासारखंच. पण आज्ञेचं घर एकच! तिथे ३ लिहिली की ई२३ ला जागा नाही, आणि मींड चढ्या ३३९ वर जाऊन थांबते.

तीन संध्याकाळी गेल्या. सुटलं ते असं. ई५ आज्ञा चॅनलची बारीक जुळवणी बदलते, पण चालू असलेल्या सुराला हात लावत नाही. पुढचा सूर आला की मगच तिचा परिणाम. म्हणून मींडेच्या आधीच्या रिकाम्या ओळीत ई५एफ, म्हणजे एक पायरी खाली. त्या पायरीच्या तक्त्यात गंधाराचा आकडा कोणता? ३४२. देव आहे.

ओळ १६: डी-२ (रिषभ), सॅम्पल ०५.
ओळ १९: सूर नाही, ई५एफ.
ओळ २०: ई-२ (गंधार), सॅम्पलचा आकडा रिकामा, ३०२.
ओळी २१ ते २३: ३००, म्हणजे तसंच पुढे सरक.

सॅम्पलचा आकडा लिहिला तर जुळवणी परत शून्यावर येते, म्हणून तो रिकामाच ठेवायचा. ३०२ म्हणजे दर टिकेला दोनने सरक. ओळीतल्या पहिल्या टिकेला सरकत नाही, म्हणून पाच टिका, ओळीला दहा. ३८१ ते ३४२ हे अंतर ३९. चार ओळी, एक मात्रा, आणि गंधार पुढच्या मात्रेच्या तोंडावर टेकतो.

तार सप्तकात आकडे निम्मे होतात, तिथे तीच मींड अर्ध्या मात्रेत संपते. तिथे ३०१.

८ डिसेंबर

हेडफोनवर ऐकवत नाही. पहिला आणि चौथा चॅनल पूर्ण डावीकडे, मधले दोन पूर्ण उजवीकडे, यंत्रातच तसं जोडलेलं. बाया एका कानात, दाया दुसऱ्यात, जणू तबलजी माझ्या डोक्यावर बसलाय. स्पीकर जवळजवळ ठेवले.

दुसरं, दिवा. अमिगाचा लाल दिवा एका फिल्टरशी जोडलेला आहे: फिल्टर चालू तर दिवा प्रखर, बंद तर मंद. चालू असताना वरचे सूर गाळले जातात, तबल्याची चाट गोणपाटात गुंडाळल्यासारखी होते. ई०१ ने बंद केला. तानपुऱ्यात आता एक बारीक चरचर येते, कमी दराच्या नमुन्यांची. तांत्रिकदृष्ट्या तो दोष. मला ती जवारीसारखी वाटते, ठेवली.

१५ डिसेंबर

तिहाई. तिट कत गदि गन धा: चार मात्रा आणि धा, एकूण पाच, बिनदमाची, तीनदा. पंधरा मात्रा. शेवटचा धा समेवर यायचा तर तिसऱ्या मात्रेला उचलायची. ओळींत ८, २८, ४८. आणि शेवटचा धा ४८ अधिक १६, म्हणजे ६४. पॅटर्नमध्ये ६४ नावाची ओळच नाही, ६३ ला संपतो. तो धा पुढच्या पॅटर्नच्या ०० वर. पडदा नव्या पॅटर्नवर उडी मारतो त्याच क्षणी सम पडते. हे मी संध्याकाळभर नुसतं पाहत बसले.

आतेभावाचा अभिप्राय: ‘ताई, तबलजी फार शहाणा आहे, एकदाही माणसासारखा वागत नाही.’ काही बोलांवर ईडी१ लावलं, एका टिकेने उशीर, २० मिलिसेकंद. जिथे आवाज कमी करायची आज्ञा आहे तिथे हे लावता येत नाही (पुन्हा तेच एकच घर), म्हणून ‘ना’ची हळू आवाजाची दुसरी प्रत सॅम्पलात टाकली. चार हजार बाइटांचा भुर्दंड.

२९ डिसेंबर

रूपक करून पाहिला. सात मात्रांच्या अठ्ठावीस ओळी, दोन आवर्तनं छप्पन्न, ओळ ५५ वर डी०० टाकून पॅटर्न तोडला. ताल जमतो, तानपुराही ६.७२ सेकंदांत मावतो, पण खर्जाची आस मध्येच तुटते. पुन्हा कधीतरी.

४ जानेवारी २०२५

गत पूर्ण. अकरा पॅटर्न, एका पॅटर्नचे १,०२४ बाइट, शीर्षकाचे १,०८४, बाकी सॅम्पलं. सगळं मिळून लाखभर बाइट, त्यातली निम्म्याहून जास्त जागा एकट्या तानपुऱ्याने खाल्ली. सॅम्पलांच्या नावांना बावीस अक्षरं मिळतात, ट्रॅकरवाले तिथे एकमेकांना निरोप लिहायचे. मी पहिल्या ओळीत रोमनमध्ये ‘आत्याचा तानपुरा मिरज’ लिहिलं, मावलं.

आत्याला पाठवलं. गंधाराबद्दल एक शब्द नाही, म्हणजे पास. विचारलं ते भलतंच: ‘नुसता तानपुरा देशील का गं, तबल्याशिवाय? बोटं दुखतात थंडीत. आणि घसा बसलाय, पांढरी पाचमध्ये दे.’

११ जानेवारी

नवी फाइल, एकच पॅटर्न, तोच स्वतःवर फिरत राहणारा. काळी चारवरून पांढरी पाच म्हणजे अर्धा सूर खाली: सी-२ ऐवजी बी-१, आकडा ४५३. पण सॅम्पल सावकाश वाचलं की लांबतंही. आता ते ८.१३ सेकंद चालतं आणि पॅटर्न ७.६८ लाच संपतो; खर्ज विझायच्या आत पंचम त्याच्यावर येऊन आदळतो. म्हणून लयही त्याच प्रमाणात उतरवली: १२५ गुणिले ४२८ भागिले ४५३, ११८. लयीची आज्ञा एफ, आणि तिच्यात आकडा सोळाच्या हिशोबात लिहायचा: ७६. पॅटर्न ८.१४ सेकंद. खर्ज पूर्ण विझतो, मग पंचम.

चौसष्ट ओळींत लिहिलेलं एकच घर, ओळ ०० वर: बी-१, ०१, एफ७६. बाकी सगळं रिकामं. अर्धा तास चालवून ध्वनिमुद्रित केलं आणि पाठवलं.

सकाळी निळ्या खुणा आल्या होत्या. दुपारी भावाचा निरोप: आई सात वाजल्यापासून दार लावून बसलीये, चहाला पण बाहेर आली नाही.